डिस्क दोनदा बदलल्या, एकदा लेथवर मारल्या, तरी ब्रेक लावला की गाडी थरथरतेच. काय करू?

पावसवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मंडळी, गाडी आठ वर्षांची डिझेल हॅचबॅक, १ लाख २४ हजार किमी झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर १६५/८० आर १४. राहायला पावसला, कामाला रत्नागिरी, बायकोचं माहेर कोल्हापूर. म्हणजे रोज समुद्राच्या कडेने येणं-जाणं आणि महिन्यातून दोनदा आंबा घाट.

दुखणं असं, की साठच्या वर वेग असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. पेडललाही ठोके येतात. चाळीसच्या खाली आलं की शांत. ब्रेक न लावता नव्वदने पळवली तरी काही नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर हे सुरू झालं. गॅरेजवाल्याने "डिस्क वाकल्यात" सांगून लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर खरडून सपाट करून आणल्या. शिमग्यापर्यंत पुन्हा तेच. मग नव्या डिस्क, नवे पॅड. साडेतीन-चार हजार किमी मस्त गेली आणि मागल्या गणपतीत परत थरथर. वर्षभर तशीच ओढली. यंदा जूनमध्ये दुसऱ्या गॅरेजात, दुसऱ्या कंपनीच्या डिस्क. गेल्या रविवारी घाट उतरून साखरप्यात शिरताना ब्रेक लावला तर मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचे हात का कापतायत?"

मधल्या काळात बॅलन्सिंग, अलाइनमेंट, लोअर आर्मचे बुश सगळं झालं. पंधरा हजारांच्या आसपास गेले. आता गॅरेजवाला म्हणतो, "घाट आणि खारी हवा, आपल्याकडे असंच चालायचं." खरंच असंच चालायचं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सड्यावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

विकून टाका. गिऱ्हाईकाला घाटात ट्रायल देऊ नका म्हणजे झालं. (ह. घ्या.)

कुंभार्ली_उतार | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३१

घाट उतरून आलात की गाडी धुता का? किंवा धबधब्यापाशी चाकांवर पाणी मारता का? माझ्या मेव्हण्याने पोफळीला घाट संपल्या संपल्या नळी धरली होती. डिस्क तापलेली, त्यावर गार पाणी. तिथेच वाकली. तुमचंही तेच असणार.

पावसवाला | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४४

नाही हो. गाडी धुतो ती रविवारी सकाळी, दारात, गार असताना.

लाल_माती | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. आमच्या वाडीच्या रस्त्यावर पावसाळ्यात जांभ्याचा चिखल रिमच्या आत बसतो, वाळून विटेसारखा कडक होतो आणि चाक बॅलन्सबाहेर जातं. मी दोन महिने मेकॅनिक पालथे घातले. शेवटी कोयतीच्या पाठीने पाव किलोची ढेप काढली आणि गाडी गप्प.

पावसवाला | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

बघितलं, आतून स्वच्छ आहे. शिवाय तसं असतं तर ब्रेक न लावताही थरथरली असती ना?

आचऱ्याचो | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

ह्या दुखणा माझ्या गाडयेक पण होता. पंक्चरवाल्यान गन लावन नट असे आवळल्यान की पान्यार उभो ऱ्हवान नाचलंय तेवा खय सुटले. एक नट जास्त, एक कमी, मगे डिस्क वाकडी बसतली नाय तर काय? आधी चारय नट ढिले कर आणि समोरासमोरचे असे हातान आवळ. माका तेवढ्यानच फरक पडलो.

कुंभार्ली_उतार | १९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ब्रेक ऑइल कधी बदललं? कोकणात हवेत ओल, ऑइल पाणी पितं, घाटात उकळतं. तेही कारण असू शकतं.

जुना_फिटर | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

पावसवाले, नमस्कार. मी एसटीच्या डेपोत २९ वर्षं काढली. आमच्या गाड्यांना तेव्हा डिस्क नव्हत्या, ड्रमच होते, पण फिरणाऱ्या वस्तूचे नियम सगळीकडे तेच. निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजात बसतो, तिथे डिस्कवाल्या गाड्या रोज येतात.

आधी ऑइलचं मिटवू. ब्रेक ऑइल पाणी शोषतं हे खरं. डॉट ४ चं ऑइल कोरं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास. पण ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं खाली जातं, गाडी थांबत नाही. स्टिअरिंग नाचत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला जरूर, पण या दुखण्यावर ते औषध नव्हे.

तुमच्या सगळ्या मजकुरात मला एकच वाक्य मोलाचं वाटलं: "साडेतीन-चार हजार किमी मस्त गेली." नवी डिस्क पहिल्या दिवसापासून थरथरली असती तर मी डिस्कवर संशय घेतला असता. तीन वेळा चांगली चालून तीन वेळा बिघडते, म्हणजे डिस्क रोगी नाही. तिला रोग लावणारा कोणीतरी मागे बसलाय आणि तुम्ही दर वेळी त्याला नवी डिस्क आणून देताय.

"डिस्क वाकली" हा गॅरेजातला बोलायचा शब्द. बहुतेक वेळा होतं ते असं: डिस्क फिरताना किंचित लचकते. आपल्या छोट्या गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, पिनांवर सरकणारा असतो, तो त्या लचक्याबरोबर डावी-उजवीकडे सरकतो, म्हणून सुरुवातीला पायाला काही कळत नाही. पण तुम्ही ब्रेक न लावता चालवत असता तेव्हासुद्धा डिस्कचा तो उंचवटा दर फेऱ्याला पॅडला पुसटसा घासून जातो. तेवढ्या जागी डिस्क झिजते, किंवा पॅडचा माल तिथे चिकटत राहतो. हजारो किमीनंतर डिस्क एका जागी जाड, एका जागी पातळ होते. मग ब्रेक लावला की दर फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर ढकलला जातो, पकड कमी-जास्त होते आणि ते स्टिअरिंगपर्यंत येतं. त्यासाठी जाडीत किती फरक पुरतो? ०.०१५ ते ०.०२ मिमी. वहीचा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, त्याचा पाचवा हिस्सा. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही.

आता प्रश्न, डिस्क लचकते का? कारणं फार नाहीत. हब (ज्याच्यावर डिस्क आणि चाक बसतं तो मधला भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, हबचं तोंडच वाकडं, बेअरिंगला खेळ, नटांचा ताण असमान (आचऱ्याचे भाऊ म्हणाले ते), किंवा डिस्कच मुळात वाकडी बनलेली. लेथवाल्याने फेस मारला तो लेथच्या चकच्या हिशेबाने. ती डिस्क वाकड्या हबवर परत बसवली की झालं, वाकडीच फिरणार.

पैसे घालायच्या आधी मोजा. डायल गेज (लचका मोजायचं काट्याचं घड्याळ) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजायला) ज्याच्याकडे आहे असा माणूस शोधा. त्याच्याआधी फुकटच्या परीक्षा:

रिकाम्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढा. पेडलला पाय नको. थरथर आली तर मागचे ड्रम बघायचे, नाही आली तर पुढेच काम आहे. (हँडब्रेक बटणाचा, इलेक्ट्रिक असेल त्यांनी हा प्रयोग करू नये.)

दुसरं, विसाच्या वेगाला पेडलवर अगदी हलका पाय ठेवा. तुमच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत, म्हणजे चाक सेकंदाला तीनेक फेरे घेतं. पेडल त्याच तालात ठोका देतं का ते मोजा. ऐंशीला तेच सेकंदाला अकरा फेरे होतात, म्हणून तुम्हाला तो ठोका न वाटता थरकाप वाटतो.

पावसवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, पहिल्यांदा कोणीतरी "का" ते सांगितलं. उद्या सकाळी भाट्याच्या रस्त्यावर बघतो.

सड्यावरचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४१

विकायचा सल्ला मागे घेतो. वाचतोय.

पावसवाला | २० नोव्हेंबर, रात्री ८:१२

हँडब्रेकने काहीच नाही, गाडी निमूट थांबली. विसाच्या वेगाला पेडलवर ठोका आहे. मुलीला मोबाइलमध्ये सेकंद मोजायला लावलं, दहा सेकंदांत २७ ते २९. म्हणजे चाकाच्या तालातच. पुढची चाकं, नक्की.

शृंगारतळी | २० नोव्हेंबर, रात्री ९:०५

धागा पळवायचा हेतू नाही, पण माझं उलट आहे. वेगात काही नाही. गाडी थांबता थांबता, दहाच्या वेगाला पेडल गर्रर्र करून पायाला लाथ मारतं. कोरड्या डांबरावरसुद्धा. हेच का ते?

जुना_फिटर | २० नोव्हेंबर, रात्री ९:४८

हे ते नव्हे. तुमचं एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, विनाकारण जागं होतंय. चाक फिरतंय की अडकलंय हे सांगणारा सेन्सर गंजाने किंवा लोखंडी भुकटीने भरला की मंद वेगात त्याचा सिग्नल तुटतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरलं. चारही सेन्सर काढून पुसा, सेन्सरसमोर फिरणारं दातेरी कडं असेल तर त्याला तडा गेलाय का बघा. खात्री करायची तर एबीएसचा फ्यूज काढून मोकळ्या मैदानात दोनदा थांबून बघा. लाथ गेली तर निदान झालं. फ्यूज परत लावायला विसरू नका.

आणि हे पावसवाल्यांसाठीही: हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ते कडं नसतं, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं दाबून बसवलं तर सेन्सर मुका. पुढे तुमच्यावर ती वेळ आली तर मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहा.

घाटाखालचा | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

काकांच्या म्हणण्याला छोटी पुरवणी. मी साखरप्याचाच, घाट रोज बघतो. गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेकवर उतरणारे इतके आहेत की खाली चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर पॅडचा करपट वास येतो. हिशेब करून बघा, ११०० किलोची गाडी ४०० मीटर खाली आली तर त्यात चौदा लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता असते. इंजिनाने ती अडवली नाही तर सगळी चार चाकांच्या अंगावर, त्यातही पुढच्या दोनांच्या जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

आणि खाली येऊन लगेच ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी चिकटून राहिला की त्याचा ठसा उमटतो. पॅडच्या आकाराचा काळपट-निळसर डाग दिसतो. दोन-तीन किमी आरामात चालवून मग थांबावं, सपाट जागा बघून गिअरमध्ये लावावी.

कुंभार्ली_उतार | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

म्हणजे पाण्याने वाकत नाही?

घाटाखालचा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

पाणी मारू नयेच, तडे जाऊ शकतात. पण तुमच्या मेव्हण्याची डिस्क बहुधा पाण्याआधीच ठसा घेऊन बसली असावी.

पावसवाला | १ डिसेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, कारण डायल गेज शोधण्यात आठवडा गेला. तीन गॅरेजांत विचारलं. एकाने बॅलन्सिंगच्या मशीनकडे बोट दाखवलं. शेवटी मिरकरवाड्यात बोटींच्या इंजिनांचं काम करणारा एक दोस्त निघाला. क्रँकशाफ्ट तपासायला त्याच्याकडे चुंबकी स्टँडवाला डायल असतो आणि ० ते २५ चा मायक्रोमीटरही. आज रविवार, बोटी बाहेर, दुपारी त्याच्या शेडमध्ये गाडी जॅकवर चढवली आणि खाली स्टँड लावले.

डावं चाक काढलं. डिस्क तशीच ठेवून चारही नट वॉशर घालून आवळले, नाहीतर डिस्क हलते आणि मोजमाप फुकट जातं असं तो म्हणाला. कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगला, नळीवर लोंबकळू दिला नाही. डायलची टोकाची गोळी डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवली आणि मी हाताने डिस्क फिरवली.

काटा उठला, सरकला, परत आला. फेऱ्यागणिक त्याच जागी. ०.१२ मिमी. दोस्त म्हणाला, "अरे, हा तर नाचतोय." पुस्तकात ०.०५ च्या वर चालत नाही म्हणे. उंचवट्याच्या जागी डिस्कवर आणि त्याच्यासमोर हबच्या बोल्टवर खडूची खूण केली.

मग मायक्रोमीटरने आठ जागी जाडी. जास्तीत जास्त १९.९६, कमीत कमी १९.९३. पाच महिन्यांची डिस्क!

उजवं चाक: लचका ०.०३, जाडीतला फरक ०.००६ च्या आसपास. म्हणजे उजवं निर्दोष आणि इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंचे पैसे भरत होतो.

आता डावी डिस्क निघेना. मी हातोडा उचलला तर दोस्ताने हात धरला. डिस्कवर आटे असलेली दोन भोकं असतात हे मला आज कळलं. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले. "टक्" आवाज झाला आणि डिस्क सुटली. आतलं तोंड बघून लाज वाटली. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे, चकलीच्या डब्याच्या तळाशी चुरा असतो तसे. जूनमध्ये नवी कोरी डिस्क त्या चुऱ्यावरच बसवून दिली होती.

फोटो टाकलाय. पुढे काय करायचं ते सांगा, गाडी जोडून घरी आलोय.

जुना_फिटर | १ डिसेंबर, रात्री १०:५८

शाबास. खडूची खूण केलीत हे फार बरं केलंत, ती पुसू देऊ नका.

हबचं तोंड वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने लखलखीत करा. धातू खाऊ नका, फक्त गंज. बोल्टांच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कोपऱ्यात गंज लपतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवा. डिस्कची आतली बाजूही तशीच. मग डिस्क होती तशीच बसवून मोजा.

०.०५ च्या आत आलं तर पेढे वाटा. नाही आलं तर डिस्क काढून अर्धा फेरा फिरवून, म्हणजे समोरच्या बोल्टवर बसवून परत मोजा. उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर गेला तर डिस्क वाकडी. हबच्या खुणेपाशीच राहिला तर हब वाकडं. एवढी सोपी परीक्षा, पण नवी डिस्क खपवायच्या घाईत कोणी करत नाही.

शेवटी डायल थेट हबच्या तोंडावर लावून एक वाचन घ्या. त्याच्याआधी चाक बसवून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, म्हणजे वर-खाली धरून हलवा, बेअरिंगला खेळ असेल तर डायल खोटं बोलतो.

आचऱ्याचो | २ डिसेंबर, सकाळी ९:१०

हबाक ग्रीस लावचा काय? आमच्याकडे समुद्र दारात, महिन्यात परत गंजतला.

जुना_फिटर | २ डिसेंबर, सकाळी १०:३५

साधं ग्रीस तोंडावर अजिबात नको. धूळ धरतं, तापून पळतं, पॅडवर गेलं तर ब्रेकच गेला. तोंड कोरडं आणि स्वच्छ. फार तर मधल्या गोल उंचवट्याला तांब्याच्या ग्रीसचं बोट पुसल्याएवढं. कॅलिपरच्या पिनांना मात्र रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतो आणि पिन अडकते. खाऱ्या हवेत पावसाळा संपला की दरवर्षी एकदा पिना काढून पुसाव्यात. अडकलेल्या पिनेने आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवा राहतो, ही तिची ओळख.

चिपळूणचा_बाळ्या | २ डिसेंबर, दुपारी ४:०२

अवांतर: पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहिली की पॅडखालची जागा सोडून बाकी डिस्क गंजते. पहिले एक-दोन दिवस घरघर होते, मग जाते. त्यासाठी कोणी नव्या डिस्क घेऊ नका, मी घेतल्या होत्या. आणि हँडब्रेक लावून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

पावसवाला | ४ डिसेंबर, रात्री ११:१५

आज सुट्टी टाकून परत शेडमध्ये.

गंज साफ करून मोजलं तर ०.१२ चं ०.०७ झालं. मी खूश, दोस्त नाही. डिस्क अर्धा फेरा फिरवून बसवली, नट आवळले, परत फिरवली. ०.०७. आणि काटा उठला तो हबवरच्या खडूच्या खुणेपाशीच. डिस्कवरची खूण आता विरुद्ध बाजूला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खात्रीसाठी पाव फेरा फिरवून तिसऱ्यांदा केलं, तेच.

डायल हबच्या तोंडावर, ०.०३५. दोस्ताने पट्टीने मोजून हिशेब केला: हबवर मोजलं ते मध्यापासून ६० मिमीवर, डिस्कवर मोजलं ते ११५ मिमीवर. अंतर जवळपास दुप्पट, म्हणून लचकाही दुप्पट. आकडे चपखल बसले. बेअरिंगला खेळ नाही.

जुना_फिटर | ५ डिसेंबर, सकाळी ७:३०

हब गेलं. एक विचारतो, डाव्या चाकाला कधी जोरात मार बसला होता?

पावसवाला | ५ डिसेंबर, सकाळी ७:५५

काका, तुम्ही ज्योतिष बघता का? दोन वर्षांपूर्वी गणपतीत मुंबईहून भावाला घेऊन येत होतो. संगमेश्वरच्या अलीकडे रात्री पावसात डावं पुढचं चाक खड्ड्यात असं आपटलं की रिमला पोक आला. रिम ठोकून सरळ करून घेतली, टायर बदलला, विषय संपला असं समजलो. वर मी लिहिलंय ना, "गणपतीनंतर सुरू झालं"? ते लिहितानासुद्धा डोक्यात आलं नाही.

सड्यावरचा | ५ डिसेंबर, सकाळी ८:२०

खड्ड्याचं बिल दोन वर्षं डिस्कच्या नावावर फाडलं गेलं म्हणायचं.

जुना_फिटर | ५ डिसेंबर, सकाळी ८:४५

हब नवं आणि बेअरिंगही नवंच घ्या. हब ओढून काढताना जुनं बेअरिंग मोडतं, ते परत बसवू देऊ नका. काम प्रेसवर झालं पाहिजे. हातोड्याने ठोकून बसवणारा दिसला तर गाडी घेऊन परत या. मघाशी सांगितलेली बेअरिंगची बाजू लक्षात आहे ना?

डिस्क फेकू नका. कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तुमची त्याच्या खूप वर असणार. लेथवर दोन्ही बाजू एकाच बांधणीत हलका हात मारून घ्या. पॅडही वरवर घासून घ्या. नट टॉर्कच्या पान्याने, समोरासमोरचे, दोन हप्त्यांत. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. आणि ती ठोकलेली रिम पुढे नको. रंग मारला असेल तर हबला टेकते त्या जागेवरचा रंग खरवडा, जाड रंगाने नट नंतर ढिले होतात.

पावसवाला | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

काम झालं. प्रेस मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मिळाला. बेअरिंगच्या दोन बाजूंना लोखंडी टाचणी लावून बघितली, जिकडे चिकटली तीच चुंबकी बाजू, ती सेन्सरकडे. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मला माहीत आहे." मी म्हटलं, "असू दे."

सगळं मिळून खर्च मागच्या डिस्कच्या जोडापेक्षा थोडाच जास्त. बसवल्यावर डायलवर ०.०२. एबीएसचा दिवा लागला नाही.

काल पहाटे पाली-नाणीज रस्त्यावर पॅड डिस्कवर रुळवून घेतले, साठवरून वीसवर, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मध्ये मोकळी हवा. नंतर सहा-सात किमी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. स्टिअरिंग गप्प आहे. पण गप्प तर ते मागच्या तिन्ही वेळीही होतं, म्हणून आत्ताच काही बोलत नाही.

लाल_माती | १० डिसेंबर, सकाळी ७:००

बरोबर. चार हजार किमीनंतर या.

पावसवाला | २१ मे, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. साडेसात हजार किमी झाले. बारा वेळा आंबा घाट, त्यात परवा येताना मागे सासूबाईंनी दिलेला तांदूळ आणि गुळाच्या चार ढेपा. साखरप्यात ऐंशीवरून मुद्दाम हलका ब्रेक धरून बघितला. काही नाही.

काल दोस्ताकडे हापूसची पेटी घेऊन गेलो आणि परत मोजून घेतलं. डावीकडे लचका ०.०२५, जाडीतला फरक ०.००७. उजवीकडे लचका ०.०४ दिसतोय, डिसेंबरात ०.०३ होता. तिकडचा हब मी साफ केलाच नव्हता. पावसाआधी उघडतो.

जुना_फिटर | २२ मे, सकाळी ६:५०

उघडा. पिनाही त्याच वेळी बघून घ्या.

शृंगारतळी | २२ मे, सकाळी ९:१५

माझं एबीएसचं पण सुटलं, मागच्या उजव्या सेन्सरवर लोखंडी भुकटीची मिशी आली होती. पण आता ऐंशीला ब्रेक लावला की किंचित थरथर वाटते. पावसवाले, तो डायल गुहागरला दोन दिवस मिळेल का?

पावसवाला | २२ मे, सकाळी ९:३२

डायल त्याचा जीव आहे, बाहेर देणार नाही. तुम्हीच गाडी घेऊन या, जयगडची फेरी पकडा. रविवारी दुपारनंतर शेड मोकळी असते. ८ मिमीचे दोन बोल्ट घेऊन या, आमचे मागच्या वेळी हरवले.